सिनेमातलं जास्तीचं ताट

आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटीच होते, आणि मला इंग्रजी येत नव्हतं.

सातवीत होते. रंगांची नावं, आठवड्याचे वार आणि ताप आल्याचा रजेचा अर्ज, एवढीच काय ती शिदोरी. पण बाबांनी हिवरखेडच्या बाजारापासून गावातल्या पारापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "आमच्या पोट्टीले इंग्रजी येते." बापाने इतक्या लोकांसमोर मान ताठ केल्यावर ती खाली कशी घालायला लावणार? औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी असो की फवारणीच्या पंपाचं माहितीपत्रक, लोक माझ्यासमोर आणून धरायचे. मी दोन शब्द ओळखायचे आणि बाकीचे स्वतःच्या मनाने भरायचे. आजवर कोणी दगावलं नाही, ही देवाची कृपा.

त्या डिसेंबरात नाताळच्या सुटीच्या दुपारी एका वाहिनीवर इंग्रजी सिनेमा लागला. बाबा केबलची पिन हलवत बसले होते, त्यामुळे सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं नुसत्या मुंग्याच दिसल्या. चित्र स्थिर झालं तेव्हा पडद्यावर पांढऱ्याशुभ्र बर्फात एक घर होतं. घरात एक आई, दोन मुली, आणि दाराजवळच्या खुंटीला टांगलेला पुरुषाचा कोट. समोरच्या घरात एक खडूस म्हातारा, मुली खेळायला लागल्या की खिडकीतून खेकसणारा.

आमच्याकडे पाहायला पाच जण होतो. मी, आई, बाबा, शेजारची चाची आणि समोरच्या घरात राहणारी माझी आत्या. चाचीच्या घरी पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरायचं काम. तिने बर्फाकडे दोन मिनिटं बारीक नजरेने पाहिलं आणि म्हणाली, "बेटा, ये बरफ नहीं है. रुई है, वो भी हलकी." आम्ही हसलो. मी तर जरा जास्तच हसले. परदेशातला सिनेमा, तिथे बर्फाला काय तोटा?

"काय म्हनून रायले ते?" आत्याने विचारलं.

"ह्या पोट्ट्यांचा बाप बाहेरगावी गेला कामाले," मी सांगितलं. "सनाले येनार हाय."

हे मी कुठून काढलं? सिनेमातून नक्कीच नाही. माझ्या माहितीत घरातून गेलेला माणूस एकच होता, आत्याचा नवरा. लागोपाठ दोन वर्षं कापूस हातचा गेला, तेव्हा तो सुरतेला कापडाच्या गिरणीत कामाला गेला. आधी दोन पत्रं आली, एकदा पाराजवळच्या दुकानात फोन आला, आणि मग काहीच नाही. बाबा जाऊन आले तर त्याच्या खोलीत दुसरेच लोक राहत होते. दीड वर्ष झालं होतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या भागात एखादी अनोळखी जीप थांबली की लोक आधी एकमेकांना विचारत, "कोनाच्या घरी?" पुढचं कोणी विचारत नसे. आत्याच्या नवऱ्याबद्दलही गावाने मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता, फक्त तिच्या तोंडावर कोणी बोलत नव्हतं. ती रोज ठसठशीत कुंकू लावायची आणि दिवेलागणीपर्यंत दार सताड उघडं ठेवायची.

तर मी सिनेमा सांगत गेले. आई फोटोकडे पाहते, म्हणजे तिला आठवण येते. मुली चिठ्ठी लिहितात, म्हणजे बापाला लवकर ये म्हणतात. आत्या पुढे सरकत सरकत टीव्हीपासून हातभर अंतरावर येऊन बसली. मला इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे माझी जीभही जरा सैल सुटली.

शेवटी शेवटी त्या बाईने जेवणाचं टेबल मांडलं. माणसं तीन, ताटं चार. चौथ्या ताटासमोरची खुर्ची रिकामी. खोलीत एकदम शांतता झाली. आई उठली आणि काही कारण नसताना चुलीकडे गेली. चाचीने डोक्यावरचा पदर सारखा केला. मला वाटलं, माझ्या सांगण्यात सगळे रंगून गेलेत.

"बापाचं ताट हाय," मी म्हटलं. "तो येनार म्हनून मांडून ठेवलं."

आणि तेवढ्यात सिनेमातलं दार वाजलं. ती बाई उठली, दाराशी गेली, कडीवर हात ठेवला आणि लाईन गेली. आमच्याकडे चारला लाईन जायची म्हणजे जायची, परदेशातल्या बाईने दार उघडायची वाट ती थोडीच पाहणार!

"कोन आलं?" आत्याने विचारलं. टीव्ही बंद होता, आणि ती माझ्याकडे पाहत होती.

"बाप आला."

"तुले कसं माईत?"

"ते आत्ताच म्हनले ना इंग्रजीत."

आत्याने मान हलवली. त्या संध्याकाळपासून ती नवऱ्याचं ताट मांडायला लागली.

मी रोज दिवेलागणीला अभ्यासाला तिच्याकडे जायचे. चुलीजवळ दोन पाट, दोन ताटं. भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, भाजी, कांदा, सगळं दोन्हीकडे सारखं. ती थोडा वेळ दाराकडे पाहत बसायची. मग म्हणायची, "थंडं करून कोन खाईन? बस तू." मी बसायचे आणि घरी जाऊन पुन्हा जेवायचे. त्या हिवाळ्यात मी चांगली गुटगुटीत झाले. बाबा म्हणायचे, पोट्टीले इंग्रजी मानवलं.

आईला मात्र ते ताट सोसवेना. एकदा माझ्यासमोरच ती आत्याला म्हणाली, "बाई, जित्या मानसाचं पान असं काढून नाई ठेवत. ते पित्तराचं असते."

"सिनेमात आला ना तो," आत्या म्हणाली. "हे पोट्टी सांगत होती ना."

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण तसं तिने माझ्याकडे पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी बाबांनी आत्यासाठी अमरावतीत काम पाहिलं. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण, राहायला खोली. आत्या नाही म्हणाली. "तो येईन अन् दाराले कुलूप पाहीन तं?" त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. बाबांनी हात टेकले. घर, दार, ताट. तिचं आयुष्य त्या तीन गोष्टींत येऊन थांबलं होतं, आणि त्यातली एक मी ठेवलेली होती.

हे मला कळलं ते नववीच्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेला. आई आजी-आजोबांच्या नावाने घागर भरून पान वाढत होती. वरण, भात, पुरणाची पोळी, चिंचेची चिंचोणी, आणि समोर कोणीच नाही. मी त्या पानाकडे पाहत राहिले. रिकाम्या खुर्चीसमोरचं ते ताट मला दिसलं, आणि आई चुलीकडे का गेली, चाचीने पदर का सारखा केला, ते एका क्षणात कळलं. इंग्रजीचा एक शब्द न येणाऱ्या त्या दोघींना सिनेमा समजला होता. मला सोडून सगळ्यांना समजला होता. संध्याकाळी आत्याकडे त्या ताटावरून पोट दुखतं सांगून उठले.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला आत्या सकाळीच आमच्याकडे आली. आईला म्हणाली, "एक घागर दे. यंदा मी बी भरते." सुरतेहून कसलीही खबर आलेली नव्हती. आईने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दोघी शेजारी शेजारी बसून पानं वाढत होत्या, आणि मी दाराआड उभी राहून रडत होते. मृगाच्या आत आत्या घराला कुलूप लावून अमरावतीला गेली. किल्ली आमच्या खुंटीवर.

तीन वर्षं. माझ्या एका थापेने तिला तीन वर्षं दारात बसवून ठेवलं, हे मी वीस वर्षं मनात ठेवून जगले. मी आता अकोल्याला शाळेत शिकवते. चक्क इंग्रजी शिकवते. पोरं धड्याचा अर्थ मनाने ठोकून देतात तेव्हा मी इतकी चिडते की पोरांना वाटतं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

गेल्या नाताळात मोबाइलवर काहीबाही पाहत असताना तो कोट दिसला. खुंटीवरचा कोट. तोच सिनेमा. नुसता टीव्हीसाठी बनवलेला, कोणाच्या गावीही नसलेल्या नटनट्यांचा. सुरुवात या वेळी पाहिली. पहिल्याच प्रसंगात आई आणि मुली एका थडग्यासमोर उभ्या होत्या. बाबांची केबलची पिन पंधरा मिनिटं लवकर लागली असती तर! खिडकीच्या कठड्यावरचा बर्फ जवळून दाखवला तेव्हा त्याचे तंतू दिसले. रुई होती, तीही हलकी. चाची आता नाही. असती तर पाया पडले असते.

दार वाजलं तिथे मी सिनेमा थांबवला. ते दार आत्याशिवाय उघडायचा मला हक्क नव्हता. दुसऱ्या दिवशी एसटी धरली आणि अमरावती गाठली.

आत्या आता थकली आहे. काम सुटलं, तरी वसतिगृहाच्या मागे खोली करून राहते. जुन्या मुली लेकरं घेऊन भेटायला येतात. मी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला आणि म्हटलं, "आत्या, हे पाह्य. आठवते का?"

कोट दिसताच तिने चष्मा सारखा केला. "हा तं तुया सिनेमा."

मग मी सगळं सांगून टाकलं. मला एक अक्षर कळत नव्हतं, बाप आधीच मेलेला होता, मी थापा मारल्या, माझ्यामुळे तू अडकून राहिलीस.

आत्याने पूर्ण ऐकून घेतलं. "झालं?" तिने विचारलं. "तुया सिनेमापायी बसली होती का मी? पोट्टी सातवीतली अन् म्हने मी अडकवलं. एकटीसाठी चूल पेटवाले हात नव्हता उठत माया. दोन ताटं म्हनलं की सैपाक होये. सिनेमाचा बहाना सापडला, बस."

तिने मोबाइलकडे बोट दाखवलं.

"आता दार उघड," ती म्हणाली. "इतके वर्सं ती बाई कडीवर हात ठेवून उभी हाय."

मी बोट लावलं. दार उघडलं. बाहेर समोरचा तो खडूस म्हातारा उभा होता, टोपीवर पांढरी रुई, ती टोपी काढावी की नाही अशा घोळात. बाईने त्याला आत घेतलं आणि चौथी खुर्ची मागे ओढली.

"त्याले बसवलं?" आत्याने विचारलं.

"हो."

"बापाच्या ताटावर?"

"हो. त्याचं कोनी नाई, एकटाच राहते तो."

या वेळी मी एक शब्दही पदरचा घातला नव्हता. आत्या पडद्याकडे पाहत राहिली. म्हातारा खाली मान घालून जेवत होता आणि धाकटी मुलगी त्याच्या ताटात काहीतरी वाढत होती.

"बराबर हाय," आत्या म्हणाली. "आपल्या घरी तू बसत होती."

मला रडू आवरलं नाही. वीस वर्षांचं सगळं एकदम आलं. तिने माझ्या पाठीवरून एकदाच हात फिरवला, मग गुडघ्यावर जोर देत उठली.

"सोल्याची भाजी केली हाय," ती म्हणाली. "ताटं काढ."

मी फळीवरून दोन ताटं काढली.