कुटुंब पास

नवरा गेल्यानंतर सतराव्या दिवशी मी कामावर गेले. केडगावहून एसटीने तासाभरावर आमची नगरपालिका. मी तिथे लिपिक आहे. साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं आणि म्हणाले, "काही दिवस काउंटर नको. बसल्या जागचं हलकं काम देतो तुम्हाला."

ते हलकं काम म्हणजे जलतरण तलावाच्या पासचे दर. आमचा तलाव बरीच वर्षं बंद होता. तळाच्या फरशा बदलून, नवी मोटर बसवून तो उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू व्हायचा होता. मी दोन-तीन नगरपालिकांना फोन केले, त्यांची दरपत्रकं मागवली, कागदावर रकाने आखले. काम नीट होत होतं. दुपारी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "आज काय आणलंय डब्यात?" निम्मा डबा संपला होता, तरी मला बघून सांगावं लागलं, की दोडका आहे.

घरी सासूबाई आणि मी. दोघी एकमेकींना जेवायला वाढायचो आणि लवकर आडव्या व्हायचो. रडणं पहिल्या तीन दिवसांत झालं होतं. नंतर ते आलंच नाही. नातेवाईक म्हणायचे, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. पाय झोपून गेल्यावर आपलाच पाय आपण हाताने उचलून ठेवतो, तसं मी स्वतःला रोज बसमध्ये नेऊन ठेवत होते.

दर ठरवायला साहेब, पाणीपुरवठ्याचे अभियंता आणि मी बसलो. मोठ्यांना महिन्याला सहाशे, शाळकरी मुलांना चारशे. मग कुटुंब पास निघाला. हजार रुपयांत चौघं.

"पण कुटुंब म्हणजे कोण ते स्पष्ट लिहा," अभियंता म्हणाले. "नाहीतर अख्खी भावकी येईल पोहायला."

साहेब हसले. मी मागवलेल्या दरपत्रकांपैकी एकात बघितलं आणि वाचून दाखवलं, "पती, पत्नी व त्यांची दोन अपत्ये."

"बास. हेच टाका."

मी टाकलं. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या निवृत्तिवेतनाच्या फॉर्मवर मी स्वतःच्या नावापुढे विधवा असं लिहिलं होतं. दोन्ही कागद एकाच टेबलावर होते. मला काही म्हणजे काही जाणवलं नाही.

तलाव सुरू झाला, गर्दी झाली आणि मला पुन्हा काउंटरवर बसावं लागलं. एक बाई आली. पस्तिशीची असेल, पायात धुळीने भरलेल्या चपला. तिने कुटुंब पास मागितला. मी फॉर्म पुढे सरकवला आणि म्हटलं, "मिस्टरांचं आधार कार्ड लागेल."

"मालक न्हाईत. दोन वर्सं झाली. मी आन् दोन पोरी."

"मग कुटुंब पास नाही बसणार. तिघींचे वेगळे काढा. चौदाशे होतील."

"चार जनांचं हजार, आन् तिघींचं चौदाशे?"

"नियम तसा आहे."

ती हलली नाही. मागे रांग होती. ती सांगू लागली, घराला लागून दिराचं शेततळं आहे. पोरी तिथूनच शाळेत जातात. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की माणसाला वर येता येत नाही. "पोरींना शिकवायचंय. मलाबी शिकायचंय. त्या पडल्या तर उडी कोन टाकनार, बाई?"

मी म्हटलं, "माझ्या हातात नाही. वरून आलाय नियम."

ते खोटं होतं. नियम माझ्याच हातून उतरला होता.

तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं. "तुमचे मालक?"

"दोन महिने झाले."

"मग तुमाला तरी भेटंल का ह्यो पास?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. काचेवर आतून चिकटवलेलं दरपत्रक माझ्याकडून उलटं दिसत होतं, पण मला ते पाठ होतं. बेरजेत कुठे चूक झाली ते अचानक सापडावं, तसं काहीसं झालं. दुःख नव्हतं ते. मी तिचा मोबाईल नंबर लिहून घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

संध्याकाळी मी साहेबांकडे गेले.

"पत्रक छापून झालंय आता. पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले.

"साहेब, मी आणि सासूबाई गेलो तर आम्ही कुटुंबात बसत नाही."

मला ते वाक्य बोलल्यावरच ऐकू आलं. साहेबांनी पत्रक पुढे ओढून विचारलं, "मग काय लिहायचं?"

"एका रेशनकार्डावरची जास्तीत जास्त चार माणसं."

शुद्धिपत्रक निघायला नऊ दिवस लागले. निघाल्याबरोबर मी त्या बाईला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी दोन्ही मुलींना घेऊन आली, नोटा मोजून दिल्या आणि पास पिशवीत नीट ठेवला. तिने आभार मानले नाहीत. ते बरंच झालं.

मे महिन्यात एका सकाळी पास तपासायला मी बायकांच्या बॅचला गेले. तिच्या मुली पलीकडच्या कडेपर्यंत पोहून जात होत्या. ती मात्र अजून कडेचा पाईप धरून पाय मारत होती. प्रशिक्षक बाई ओरडत होत्या, "हात सोडा! सोडा आता!" तिने सोडला, पाणी प्याली, खोकत पुन्हा पाईप धरला. मला पाहून म्हणाली, "लई भ्या वाटतंय, बाई. तुमाला येतं का?"

"नाही."

"या की मग."

"बघते," मी म्हटलं.

तिने तोंड पुसलं आणि पुन्हा हात सोडला. या वेळी चार-पाच हात पुढे गेली. मी कडेला ठेवलेला तिचा पास तपासला, वहीत खूण केली आणि पुढच्या बाईकडे गेले.