कोरी मूस

जे आहे त्याच्याशी प्रामाणिक राहणे तुलनेने सोपे असते. जे नाही त्याच्याशी प्रामाणिक राहायला तपश्चर्या लागते. जुन्या नैयायिकांनी अभावाला पदार्थांच्या पंक्तीत बसवले ते उगाच नव्हे. जमिनीवर घट नाही हे कळायचे, तर आधी ती रिकामी जमीन डोळ्यांना नीट दिसली पाहिजे, असे ते सांगत. पण जमीनच रिकामी नसेल तर?

एका पुडीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे नोकरी केलेल्या बाईंना ही अभावनिष्ठा जन्मजातच लाभली असावी. सगळे त्यांना ताई म्हणत. वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. कारखान्यात हिरव्या देठांचा रस काढून त्यातली प्रथिने वेगळी करत आणि त्यांची पांढुरकी पूड इस्पितळांना पाठवत. ज्यांचे आतडे शस्त्रक्रियेने अरुंद झाले आहे अशा रोग्यांचे ते अन्न. देठांतले तंतू पाण्यात फुगतात; निरोगी माणसाला ते हितकर, पण या रोग्यांच्या वाटेत ते बोळ्यासारखे बसतात. म्हणून ग्रॅमभर पुडीत तंतू पाच मिलिग्रॅमच्या वर असता कामा नयेत, असा दंडक होता. ताईंनी ‘चालेल’ लिहिल्याशिवाय एकही पोते दाराबाहेर पडत नसे.

ग्रॅमभर पूड विकरांनी पचवायची, मद्यार्क ओतून तंतू साकळू द्यायचे, सच्छिद्र बुडाच्या काचेच्या मुशीत गाळून वाळवायचे आणि तोलायचे. इतक्या थोडक्या वजनात मुशीचा, मद्यार्काचा, हवेचाही वाटा येतो. तो कळावा म्हणून एका मुशीत पूड न घालता बाकी सारे संस्कार तसेच करायचे आणि तिचे वजन इतरांतून वजा करायचे. ती कोरी मूस. ताई सकाळी आल्या की पहिला मान तिचा. तिला धुऊन, पुसून मेजाच्या टोकाला उघडी ठेवत. मग तासभर नमुने तोलत बसत. नमुने नाजूक म्हणून काचेच्या पेटीत, झाकणाखाली. कोरीला झाकायचे काय, तिच्यात आहेच काय!

घरी धाकटा भाऊ होता. आईवडिलांमागे ताईंनीच त्याला वाढवला; दोन महिन्यांपूर्वी त्याच्याही आतड्याचा एक तुकडा कापून काढावा लागला होता. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्याच्या पेल्यात तीच पूड.

“चव कशी आहे?” ताई विचारत.

“भिंत चाटल्यासारखी. पण तुझी सही आहे ना पोत्यावर, मग गप गिळतो.” आणि वर टोमणा असेच, “तुझं त्या रिकाम्या भांड्यावर जेवढं प्रेम आहे ना, त्याच्या निम्मं माझ्यावर असतं, तर मी एव्हाना पैलवान झालो असतो.”

“आधी पेला संपव, पैलवान.”

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि देठ राठ, तंतुमय झाले. कारखान्याने रस काढून उरलेले कोरडे देठ दळायची खोली वाढवली आणि मधली भिंत काढून पत्र्याचा आडोसा उभा केला. पत्र्याच्या वर वीतभर फट राहिली. कुणाला त्यात वावगे वाटले नाही. ताईंना अधूनमधून शिंका येत, एवढेच. दिवसभर आडोशापलीकडून यंत्राची घरघर येई, आणि उन्हाच्या तिरिपीत काहीतरी सोनेरी, संथ, खाली उतरत राही.

तीन आठवड्यांनंतरच्या एका सकाळी ताईंनी वजाबाकी केली, ती पुन्हा केली, आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा केली. पुडीचे अकरा मिलिग्रॅम. कोरीचे चौदा. उत्तर उणे तीन.

दळणखोलीतला कामगार, ज्याला सगळे गिरणीवाला म्हणत, नमुने द्यायला आला होता. त्याने वहीत डोकावून पाहिले. “वा! ताई, आपली पूड आता नसण्याहूनही शुद्ध झाली. खाणाऱ्याच्या पोटातले तंतूसुद्धा ओढून काढेल!”

ताई हसल्या नाहीत. त्यांनी मेजाच्या टोकाला, कोऱ्या मुशीच्या नेहमीच्या जागेशेजारी, बोट टेकवून ओढले. सोनेरी धुळीत बोटामागे मेजाच्या काळ्या फरशीची रेघ उमटली.

मग त्यांनी वही मागे चाळली. भिंत होती तोवर कोरीचे वजन एक. भिंत गेल्यावर सात, आठ, दहा. कोरी दर वेळी जड होत गेली होती, आणि ते ओझे पुडीतून इमानेइतबारे वजा होत गेले होते. तिन्ही खेपांपुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात ‘चालेल’. त्यांनी तिन्ही खेपांचे राखून ठेवलेले नमुने काढले आणि कोरी झाकून सारे पुन्हा केले. आकडा हाती आल्याशिवाय बोलायचे नाही म्हणून घरीही काही कळवले नाही; रात्र प्रयोगशाळेतच काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे समोर आले. तिन्ही खेपांत दंडकाच्या दुप्पट.

त्यांनी आधी घरी फोन लावला.

“पेला घेतलास?”

“कालही, आजही. हुकूम कधी मोडलाय तुझा? पोट जरा तटतटलंय सकाळपासून, पण—”

“आता काही खाऊ नकोस. पाणीही नको. शेजाऱ्यांना घेऊन इस्पितळात जा, मी येतेच.”

“ताई, काय झालं?”

“चूक झाली. माझी.”

साहेबांनी वही पाहून दार लोटले. “ताई, एकतीस वर्षांचं नाव आहे तुमचं. पुढच्या खेपेपासून सुधारू. मागचं कशाला उकरता? कुणाला कळणार आहे?”

“ज्याच्या पोटात गेलंय त्याला कळायला लागलंय, साहेब.”

त्यांनी तिन्ही ‘चालेल’वर एकेक सरळ रेघ मारली, खालचे अक्षर वाचता येईल अशी, आणि बाजूला लिहिले: ‘कोरी उघडी ठेवली. दोष माझा. खेपा परत मागवा.’ त्या पानावरचा मजकूर त्यांनी स्वतः साऱ्या इस्पितळांना कळवला आणि मगच त्या निघाल्या. त्या कामात पाऊण तास गेला.

पोती वेळीच परत आली. दुसऱ्या कुणाला इजा झाल्याचे ऐकिवात आले नाही. धाकट्याचे आतडे मात्र शस्त्रक्रियेच्या मेजावर पोचण्याआधीच फाटले होते. नवव्या दिवशी तो गेला. त्या पाऊण तासाचा विषय ताईंनी पुढे कुणापाशी काढला नाही, आणि त्यांच्यापुढे काढायची कुणाची छाती झाली नाही. त्या आणखी सहा वर्षे त्याच मेजाशी बसल्या. घरघर सुरू झाली की त्यांचा हात आपोआप कोऱ्या मुशीकडे जाई.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षे झाली. ती वही प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. मधली भिंत पुन्हा बांधलेली आहे. आणि कोऱ्या मुशीवर झाकण असते.