बाबांच्या काळजाची रेघ

यंत्राचं झाकण उघडून आत डोकावल्याशिवाय मला चैन पडत नसे. नर्स होऊन बेळगावच्या दवाखान्यात लागले. काही वर्षांनी तिथं हृदयाची रेघ काढणारं यंत्र आलं आणि ते चालवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. एकोणीसशे साठच्या दशकात एकदा तेच यंत्र जीपमध्ये घालून, डॉक्टरांना घेऊन मी अणशीजवळच्या आमच्या घरी गेले. आदल्या दिवशी लाकडाच्या डेपोत काम करता करता बाबांच्या छातीत कळ आली होती.

प्रश्न एकच होता. "हृदयाला ताजी इजा असेल, तर या खड्ड्यांच्या रस्त्यानं नेणं म्हणजे जिवाशी खेळ," डॉक्टर म्हणाले. "नसेल, तर आजच बेळगावला हलवू. रेघ बघितल्याशिवाय मी सांगणार नाही." काकांनी तर बाबांना निजवायला जीपमध्ये भाताच्या काडाचं पिंजर अंथरूनही ठेवलं होतं.

डेपोच्या जनरेटरवरून वायर ओढली, बाबांच्या हातापायांना धातूच्या पट्ट्या बांधल्या आणि यंत्र सुरू केलं. कागदावर ठोका दिसेचना. नुसती दाट थरथर.

मी चिडले. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, घालूया जीपमधी." "रेघ काढल्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाई," मी ठणकावलं आणि विचार करायला बसले.

ठोक्यासरशी अंगावर जी वीज पसरते, ती व्होल्टचा जेमतेम हजारावा भाग. दोन हातांवरून ती दोन तारांनी यंत्रातल्या पहिल्या दोन व्हॉल्व्हकडं, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्यांकडं जाते. जनरेटरच्या वायरीची थरथरही अंगावर येते, पण दोन्ही तारांत ती सारखीच असते, म्हणून व्हॉल्व्हची ही जोडी ती वजा करून टाकते. उरतो तो दोन हातांमधला फरक, म्हणजे हृदयाचं बोलणं. पुढचे व्हॉल्व्ह ते वाढवत नेतात. शेवटी चुंबकातली गुंडाळी हलते आणि तिला जोडलेली तापलेली सुई मेणकागदावर रेघ भाजते.

मग वजाबाकी चुकत कुठं होती? अंगणात ओल्या जमिनीत पहार ठोकून, मीठपाणी ओतून अर्थिंग दिलं. थरथर तशीच. पट्ट्या माझ्या हातापायांना बांधल्या, तर माझी रेघ लख्ख आली. म्हणजे यंत्र शहाणं होतं. घोळ बाबांच्या कातडीवर होता.

पुन्हा बांधायला बाबांचं मनगट धरलं, तर माझी बोटं घसरली. वाटी घेऊन आई उशाशी बसली होती. भेगांना लावायचं कोकमाचं तेल पातळ करून ती सकाळपासून त्यांचे हातपाय चोळत होती. मी पट्टी सोडली की तिचा हात तिथं हजर! एका हातावर तेलाचा थर जाड, दुसऱ्यावर कमी. दोन तारांना सारखी थरथर मिळतच नव्हती, मग वजा काय होणार?

"आई, तेल बंद!"

"हातपाय गार पडल्यात त्यांचं. मग मी करू तरी काय?"

पण मी हटले नाही. शिकेकाईनं चारही जागा धुतल्या, स्पिरिटनं पुसल्या, मिठाचा लेप लावून पट्ट्या आवळल्या. "आता रेघ निघंस्तोवर त्यांना शिवायचं न्हाई," मी बजावलं. आई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. तिचाही हट्ट माझ्यासारखाच, पण त्या दिवशी तिनं तो हातांसकट दाबून धरला.

सुई थबकली, उठली, खाली आली. बाबांचा ठोका. एकामागून एक ठोके कागदावर उतरले आणि माझे डोळे भरले.

डॉक्टरांनी कागद उजेडाकडं धरला. "ताजी इजा आहे. नेलं असतं तर वाटेतच काही झालं असतं. इथंच राहू दे, अजिबात उठवायचं नाही. औषधं मी देतो."

काका पिंजर काढायला गेले. बाबांनी मान किंचित वळवून कागद बघितला. "बाय, ह्ये माझं? लईच वाकडं दिसतंय."

"हाय ते बरं हाय," आई म्हणाली. हात तिनं अजून मांडीखालीच ठेवले होते. माझ्याकडं बघून तिनं हळूच विचारलं, "आता शिवू त्यांना?"