पाणी तोडायला सांगणारे ताणकाका

आमच्या ताणकाकांची तऱ्हाच वेगळी. कुणाच्याही गच्चीवर गेले की आधी स्वतः दोन गिलास पाणी पिणार आणि मग घरच्या बाईला बजावणार, "झाडाले पाणी देणं बंद कर." खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या नागपुरी बागवाल्यांच्या ग्रुपचा गुरू होता. 'माझी तुळस पिवळी पडली' असा मेसेज आला की यांचं उत्तर ठरलेलं, "पाण्यानं मारली तुम्ही तिले." सकाळी सकाळी गुलाबाचे फोटो पाठवणाऱ्यांना तर ते सरळ विचारत, "हा तुमच्या घरचा आहे का?"

दर रविवारी आम्ही कुणाच्या तरी गच्चीवर जमायचो. बाकीचे दुधाच्या पिशवीत रोपं आणायचे, काका कात्री आणायचे. विचारणं वगैरे नाहीच. माझा फुललेला जास्वंद त्यांनी माझ्यादेखत अर्धा छाटला तेव्हा मी कडाकडा भांडले. "रडू नको वं, काही दिवसांनी कळ्या मोजजो." मोजल्या. आणि बाप्पा, मोजता मोजता थकले!

माझा जीव मात्र ड्रममधल्या एका संत्र्याच्या झाडात अडकला होता. काटोलकडची बाबांची बाग विकली गेली, तेव्हा काकाच माझ्याबरोबर आले, बाबांच्या आवडत्या झाडाची काडी आणली आणि तिच्यावरचा डोळा जंबेरी लिंबाच्या रोपावर बांधून कलम करून दिलं. बाग गेली, तेवढं एक झाड उरलं. ते माझ्याएवढं वाढलं, पण फूल काही येईना.

"ताण दे," काका म्हणाले. थंडीत पाणी तोडायचं, झाड सुकायला आलं की पुन्हा द्यायचं, म्हणजे बहर फुटतो. बाबाही हेच करायचे. पण अख्ख्या बागेला ताण देणं वेगळं आणि एकुलत्या एका झाडाला तहानलेलं ठेवणं वेगळं. पानं मलूल दिसली की माझा हात बादलीकडे जायचा. लागोपाठ दोन वर्षं मी गुपचूप पाणी घातलं आणि दोन्ही वर्षं 'नाही हो काका, थेंबसुद्धा नाही' म्हणून सांगितलं. काकांनी नुसतं पान चुरगाळून पाहिलं. "काहून खोटं बोलून राहिली वं? तुह्या जिवाले बरं वाटावं म्हणून पाणी दिलं तू. झाडानं मागितलं होतं का?" मला फार राग आला, कारण ते खरं होतं.

तिसऱ्या थंडीत काका जिन्यावर तीनदा थांबत वर आले. चांगलीच धाप लागली होती. "आजपासून पाणी बंद. पुन्हा कधी सुरू करायचं ते मी सांगीन," म्हणाले. आणि सांगायच्या आत गेले.

त्यांना पोहोचवून आलो तेव्हा झाडाची पानं गळायला लागली होती. ग्रुपवर विचारलं, तर दहा जणांची दहा उत्तरं. मी बादली भरली, ड्रमपर्यंत नेली आणि तशीच परत आणली. "काका, सांगून तरी जायचं होतं!" गच्चीवर एकटीच ओरडले मी. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मग रोज सकाळी नुसती पानं पाहत बसले. एके दिवशी झाडाकडे पाहून वाटलं, आता बस. कुणालाही न विचारता पाणी दिलं.

काही आठवड्यांनी गच्चीचं दार उघडलं, तर काय तो वास! फांद्या पांढऱ्या झाल्या होत्या. मी तिथेच फतकल मारून भोकाड पसरलं.

दिवाळीनंतर पहिलं संत्रं ताणकाकांच्या घरी काकूंना नेऊन दिलं. त्यांनी सोलून एक फोड तोंडात टाकली.

"घाई केली वं तू. आणखी आठ दिवस झाडावर राहू द्याचं होतं."

"मग बाकीची कधी तोडू?" मी डोळे पुसत विचारलं.

"मले काय विचारते? झाड तुह्यं आहे," काकू म्हणाल्या आणि दुसरी फोड घेतली.