हिंदुरावांचे होले

जेवणं उरकली आहेत. सून उज्ज्वला शाळेवर शिकवायला गेली आहे. मागच्या पडवीत होल्यांच्या जोडीचा पिंजरा साफ करायला खाली उतरवून ठेवलाय आणि त्याच्याशेजारी शेवंताबाई घटकाभर पाठ टेकतात. झोपायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलंय. पण आतला नर पारव्यासारखा घुमायला लागतो, घूं घूं घूं, आणि पापण्या काही ऐकत नाहीत.

डोळे मिटता मिटता दिसतं, स्टुलावर हिंदुराव बसलेत. कानावर सुताराची पेन्सिल, मांडीवर जुना पेपर. पिंजऱ्याच्या तळाला बसेल असा कापतायत.

"आलात?" शेवंताबाई विचारतात. नवऱ्याला जाऊन दीड महिना झालाय हे त्यांना पक्कं माहीत आहे, पण त्याचं नवल वाटत नाही.

"गेलतो कुठं?" हिंदुराव पेपरातनं मान वर न काढता म्हणतात.

पडवीची फरशी पायाला ओली लागते. बघतात तर ती कृष्णेच्या घाटाची पायरी आहे. मोरीच्या जागी नदी वाहते आहे आणि पलीकडच्या बाभळीवर कावळे ओळीनं बसलेत. दहाव्याला बसले होते तसेच, एकही जागचा हलत नाही. तो दिवस शेवंताबाईंच्या काळजात अजून सलतोय. मुलानं शब्द दिला, दिरानं दिला, कावळा पिंडाला शिवेना. शेवटी त्यांनी स्वतः हात जोडून सांगितलं, तुमचे होले मी सांभाळीन. तरी नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली. नऊ वर्षं आपण पाखरांच्या शिटांवरून कुरकुर केली, मग माणूस आपल्या शब्दावर विश्वास ठेवेल कशाला? होलेही तेच सांगतात. शेवंताबाईंचा हात आत गेला की दोघं कोपऱ्यात चिकटतात. मादीची तर न खाऊन छाती बसत चालली आहे. उद्या साताऱ्याचे एक पाखरंवाले दोघांना न्यायला येणार आहेत. शेवंताबाईंनीच होकार दिलाय आणि तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नाही.

"कशात जीव अडकला होता तुमचा?" त्या विचारतात.

"कशात न्हाई."

"मग कावळा का शिवला नाही?"

हिंदुराव हसतात. आधी खांदे हलतात, मग आवाज येतो, पहिल्यापासून तसंच. खिशातून गलोल काढून पायरीवर ठेवतात. "कावळं या पाखरांच्या वाटंला जात्यात म्हणून नऊ वर्सं रोज सकाळी त्यांच्या पाठीत खडं घातलं मी. आन् माझ्याच पिंडाला शिवत्यात व्हय ती? तुझं आपलं कायतरीच."

बाभळीवरचे कावळे मान फिरवतात.

शेवंताबाईंना हसूही येतं आणि रडूही. "आणि मी बोलले ते?"

"ऐकलं की. लई बरं वाटलं."

"मग माझ्या हातचं का खात नाहीत?"

आता पिंजरा खोलीएवढा झालाय आणि नवरा-बायको आत दांडीखाली बसलीत. दांडीवर होले. हिंदुराव शेवंताबाईंच्या तळहातावर चिमूटभर बाजरी ठेवतात.

"तू हात घालतीस आन् टक लावून बघतीस. मांजर बी तसंच बघतंय. हात ठेवायचा आन् दुसरीकडं बघायचं. मी रोज तोंड फिरवून बिडी वडत बसायचो, ते काय उगंच?"

"मला वाटायचं, कामं टाळताय."

"ते बी होतंच."

शेवंताबाई नदीकडे बघत राहतात.

"आता बघू?"

"नको."

"आता?"



शेवंताबाई जाग्या होतात तेव्हा ऊन भिंतीवर चढलंय. त्या चटईवरच आहेत, पण हात पिंजऱ्याच्या उघड्या दारातून आत गेलाय. तळहातावर बाजरी आहे. बाजरीची बरणी तर स्वयंपाकघरात, झाकण घट्ट लावलेली. मनगटावर काहीतरी हलकं, ऊबदार चढतं. बारीक नख्या रुततात. त्या मान वळवत नाहीत. दोरीवरच्या उज्ज्वलाच्या साडीकडे बघत राहतात. तळहाताला टोच लागते, मग दुसरी.

उज्ज्वला शाळेतून येऊन दारात थांबते. "आई, साताऱ्याच्या माणसांना उद्या किती वाजता बोलवू?"

"येऊ नका म्हणावं." शेवंताबाईंचे डोळे साडीवरच आहेत आणि भरून आलेत. "हळू बोल. दहाव्याचं राहिलं होतं ना, ते आत्ता शिवलं."