इंजिनाचा निर्णय

इंजिन हा गाडीचा आत्मा असतो, असं बाबा म्हणायचे. जळक्या ऑइलचा वास आला की मला तो आत्मा आठवतो. दिल्लीतल्या घरून नोएडाला जाताना आमच्या डिझेल गाडीचं इंजिन जाम झालं. तेच उघडून दुरुस्त करायचं की दुसरं टाकायचं, यावर केंद्र सरकारातून निवृत्त झालेले बाबा चार दिवस टिपणी लिहीत होते. जेवणावरचं लक्षही उडालं होतं. मेकॅनिक रोज फोनवर विचारी, “साहब, खोलूँ या बदलूँ?” बाबा म्हणत, “मामला विचाराधीन है।” शेवटी बाबा जेवत असताना आईने गाडीचे कागद काढले. “अहो, पुढच्या महिन्यात हिला दहा वर्षं होतायत. त्यानंतर दिल्लीत डिझेल गाडी चालवू देतात कुठे?” बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला, टिपणी मिटली आणि आणखी एक पोळी मागितली. आता ते मेट्रोने जातात आणि वेळेवर पोचतात.