कूलर आणि सुई

वडिलांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेयरनं या उन्हाळ्यात माझं डोकं पार फिरवलं. सुई पहिल्या ओळीवरून उडी मारून थेट पुढच्या कडव्यात जायची. मी रबरी बेल्ट बदलला, नवी सुई आणली, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठे सारले, सुईच्या दांडीचं वजन दहादा जुळवलं. तरी सुई उडायची ती उडायचीच. शेवटी मी त्या यंत्राला नको नको ते बोललो.

आई शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, “तो कूलर बंद कर ना गा. टेबल थरथरून राहिला.”

टेबल खिडकीतल्या कूलरला खेटूनच होता, आणि कूलर मार्चपासून चालू होता. नागपुरात मे महिन्यात कूलरचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही. तो बंद पडला की मगच कळतो.

मी बटण दाबलं. सुई शहाण्यासारखी शेवटपर्यंत चालली. बनियन घामानं अंगाला चिकटलं होतं, तरी मी ऐटीत आईकडे पाहिलं.

पण गाण्यामागून प्लेयरच्या मोटरची घरघर येत होती. इतके दिवस ती कूलरनंच झाकली होती.

“आता हे काय घरघरून राहिलं?” आईनं विचारलं.

मी उठलो आणि कूलर लावला.